उपासाची रताळी

आमच्या घरात न्याहारी शेतावर जाणाऱ्याची. राधानगरीकडच्या आमच्या गावात भात पिकायचं, पण सहा तोंडांना पुरायचं नाही. सकाळची भाकरी वडिलांच्या आणि थोरल्या भावाच्या फडक्यात बांधली जायची. मी शाळेला. बसून शिकणाऱ्याला कशाला न्याहारी, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही पटायचं.

हीच समजूत घेऊन मी कोल्हापुरात कॉलेजला आलो. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मंगळवार पेठेत आक्कांची खानावळ होती. तिच्याच माडीवर माझी खोली, आणि जेवायला मी एकवेळचा मेंबर, संध्याकाळचा.

आक्का उंच, सावळ्या. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. सकाळी पोरगा जिना उतरताना दिसला की विचारायच्या, "चूल पेटली का?" म्हणजे पोटाची. फुकटचं खायचं नाही, हा माझा ताठा. मी म्हणायचो, "उपास हाय, आक्का." सोमवारी महादेवाचा, मंगळवारी अंबाबाईचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा, रविवारी जोतिबाचा. एका बुधवारी त्यांनी गाठलंच.

"आज रं कुठला देव उपाशी ठेवालाय तुला?"

"एकादशी हाय."

"गेल्या बुधवारीबी एकादशीच हुती की. पंचांग तुझ्या घरचं दिसतंय."

चहा पीत बसलेली पोरं हसली. मी पुस्तकं काखेला मारून निघालो.

त्या वर्षी माझं काहीतरी बिघडलं होतं. ऑक्टोबरच्या उन्हातही बोटं गार. तिसऱ्या तासाला गणित फळ्यावर दिसायचं, डोक्यात शिरायचं नाही. जिना चढताना कठडा धरायचो, विशीतला गडी असून. सकाळी भूक मात्र अजिबात नसायची. अंगाला सवय लागली म्हणून मी उलट खूश. मग सहामाहीला गणितात नापास झालो. वडिलांचा निरोप आला: वार्षिकला असंच झालं तर गावाकडं ये, बैलं वाट बघत्यात.

हे आक्कांच्या कानावर गेलं. दुसऱ्या सकाळी जिन्याखाली माझ्यासाठी ताटली तयार. उकडलेली रताळी, भाजलेले शेंगदाणे, वाटीभर दही.

"आक्का, माझा उपास..."

"मग? उपासाचंच हाय की. बस खाली."

मी मांडी घालून बसलो. माझा देवही शाबूत राहिला आणि ताठाही. खाता खाता मी म्हणालो, "मला सकाळी न खायची सवय हाय."

"सवय न्हवं रं ही." त्यांनी चुलीकडं बोट केलं. "लाकडं कमी असली की बाई विस्तव राखंत झाकून ठेवती. विस्तव जगतोय, खरं त्येच्यावर भाकरी भाजत न्हाय. तुझं अंग तसं झालंय."

पंधरवड्यात नवीनच तक्रार सुरू झाली. सकाळी खाऊनही दहाच्या आत पुन्हा भूक. मी चोरट्यासारखं त्यांना सांगितलं. त्यांनी ते सगळ्या खानावळीला सांगितलं.

"पेटलं बघा ह्येचं. आता आवरा ह्येला."

दिवाळीनंतर तिसरा तास डोक्यात शिरायला लागला. हात उबदार राहायला लागले. मी त्यांच्या धाकट्या मुलीचा अभ्यास घेऊ लागलो, तेव्हा कुठं मला घास गोड लागला. रताळ्यांच्या जागी भाकरी-पिठलं कधी आलं, ते आम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. वार्षिकला गणित सुटलं.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. पेढा हातात धरून आक्का आधी दारात गेल्या आणि समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला हाक मारून म्हणाल्या, "पावणं, आमच्या माडीवरचा पास झाला. तुमची माणसं धाडा हिकडं, त्वांड गोड करा."

आता ती माडी पाडली, तिथं कापडाचं दुकान आहे. आक्काही गेल्या. त्यांच्या हातचं खाऊन किती पोरं शिकली, हे मोजणारं कुणी नाही. माझ्यापुरतं सांगतो. मी सेकंड क्लासमध्ये बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला.