मागचे दोन दात

साताऱ्याच्या त्या दातांच्या डॉक्टरवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी माझा वरचा ओठ नाकाशेजारी सुजला. मी उंब्रजचा बैलांचा व्यापारी. दुसऱ्यांचे बैल हाकत सुरुवात केली आणि स्वतःची दावण उभी केली. बैलाचा जबडा उघडून दात पाहिल्याशिवाय मी कासऱ्याला हात लावत नसे. या गृहस्थाने माझं तोंड जेमतेम पाहिलं आणि सांगितलं, "समोरचा काळा आणि मागचे दोन, तिन्ही काढू."

समोरच्या दाताला पूर्वी एका खोंडाचं शिंग लागलं होतं, पण तो दुखत नव्हता. तो गेला असता तर बाजारात शेतकरी हसले असते, "आवं मालक, बैलाचं मागनं बघू, आधी तुमचा जबडा दावा की!"

मी म्हटलं, "म्होरला ऱ्हाऊ द्या डॉक्टर. मागचं दोन घ्या."

बरीच घासाघीस झाली. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बरं, मागचे दोनच." जिंकल्याच्या तोऱ्यात, तोंडात कापूस धरून मी एसटीत बसलो.

दोन महिन्यांत सूज दुप्पट झाली. मग सांगली गाठली. तिथल्या सर्जननी अंगठ्याने दाबलं, तर हाड वाळल्या पापडासारखं आत गेलं. एक्स-रेत काळ्या दाताच्या मुळाशी बोराएवढी गोल सावली दिसली. सुई घातली, तर गोडेतेलासारखं पिवळं पाणी आलं.

"सिस्ट आहे," ते म्हणाले. "दात आतून मेला आणि मुळाशी ही पिशवी वाढली. हाड खात चाललीय. पण मागचे दोन कशाला काढले?"

मी सौदा सांगितला. त्यांनी कपाळाला हात लावला. "त्यांचा याच्याशी काही संबंध नव्हता हो!"

"आता तरी म्होरला वाचवा."

"मालक, इथे घासाघीस नाही. तो ठेवला तर जबडा जाईल."

भुलीचं इंजेक्शन देऊन त्यांनी हिरडी उचलली, हाडाला खिडकी पाडली आणि पिशवी अख्खी सोलून काढली. हाड कोरल्याचा आवाज थेट डोक्यात घुमत होता. काळा दातही गेला. जबडा राहिला.

टाके निघाल्यावर मी तडक साताऱ्याला गेलो.

"तुम्हीच म्हणालात ना, मागचे घ्या?" तो म्हणाला.

"मी म्हननारच! मी यापारी हाय. तुमी डॉक्टर न्हवं? तुमी हो कशाला म्हनायचं?"

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. दाराकडे तोंड करून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.