सुभेदारांचा ओटीपी

कर्वेनगरच्या ऑनलाइन सेवा केंद्राच्या दारात ताठ उभ्या असलेल्या मिशाळ गृहस्थांना मी रखवालदार समजलो आणि "जरा स्कूटरकडे बघा हो," म्हणालो. त्यांनी अदबीने मान डोलावली आणि ते माझ्याआधी आत जाऊन रांगेत उभे राहिले. ते तोफखान्यातले निवृत्त सुभेदार होते आणि त्यांना माझं एक अक्षरही ऐकू आलेलं नव्हतं.

तोफांपायी कान गेले म्हणून त्यांनी अपंगत्व पेन्शनचा दावा केला होता. दाव्याची फाइल आता घरबसल्या पाहता येते म्हणे. फक्त ती उघडायचा ओटीपी एक बाई फोनवर बोलून सांगते. तो दोनदा चुकला होता; आता चुकला असता तर खातंच बंद.

फोन वाजला. सुभेदार सावधान उभे राहिले, त्या रेकॉर्ड केलेल्या बाईंना "जी, मॅडम," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बाईंनी बजावलं. मग मी तो न सांगता सुभेदारांना बोटांनी दाखवला.

फाइल उघडली. 'दावा मंजुरीसाठी पाठवला आहे. निर्णय फोनवर कळवला जाईल.'

सुभेदार खो खो हसले. "साहेब, आमची तोफ बरी. उडायच्या आधी कान झाकायला सांगायचे तरी."

घरी येऊन मी छाती काढून म्हणालो, "आज मी एका सैनिकाचा कान झालो."

"म्हणजे तुम्हाला ऐकू येतं तर!" बायको म्हणाली.