कुंकवाखालचं खरेदीखत

“आता दाखव, अव्वा. ह्यात तुझं नाव कुठं हाय? नुसतं कुंकू हाय की.” गुरुसिद्धने घराचं खरेदीखत आईपुढे धरलं.

बसव्वाकाकू ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. मी विरजण मागायला गेले होते, ती दारातच उभी राहिले.

रुद्रय्याकाकांचं शाहूपुरीत गुळाचं दुकान. त्यांनी घर घेतलं ते बायकोच्या नावावर. दर लक्ष्मीपूजनाला ट्रंकेतला तो कागद दुकानाच्या वह्यांशेजारी पाटावर मांडत आणि म्हणत, “मालकीणबाई, कागद तुमचा, कुंकू तुम्हीच लावा.” काकूंना वाचता येत नव्हतं, पण आपल्या नावाची ओळ काकांनी दाखवून ठेवली होती. लाजत त्या तिथेच ओलं बोट टेकवत. आम्ही शेजारच्या मुली चिरमुरे-बत्ताशांकडे डोळे लावून बसायचो. काकांच्या सदऱ्याला तेव्हाही गुळाचा वास यायचा.

काका गेल्यावर कुंकू सून लावू लागली. जागा मात्र काकू दाखवत, तीच. होता होता नाव गेलं, खालचा सिटी सर्व्हे नंबरही गेला.

कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू, हे गुरुसिद्धचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्याच दमात तो घर आपल्या नावावर करून मागत होता. त्याची बहीण शांतव्वा नवरा वारल्यावर गडहिंग्लजहून परत आलेली. मागच्या खोलीत शिवणकाम करायची. ती खोली शांतीची, असं काका जाताना सगळ्यांदेखत बोलले होते. लिहिलेलं काहीच नव्हतं. आत शिलाईचं मशीन मघाशीच थांबलं होतं.

“अप्पांचा शब्द मी मोडीन व्हय?” गुरुसिद्ध म्हणाला.

“तू न्हाय मोडायचास. तुझी पोरं मोडतील. त्यांनी कुठं ऐकलाय? मृत्युपत्रात लिवूनच ठेवाय पायजे.”

जित्या माणसानं मृत्युपत्र करणं अशुभ, असं सून हळूच म्हणाली.

“लिवून कोण मरत न्हाय, बाई. तुझा मामंजी न लिवताच गेला की.”

काकूंनी सूप खाली ठेवलं, कागद हातात घेतला, त्या लाल डागावरून बोट फिरवलं आणि तो गुरुसिद्धला परत दिला.

“उद्या रजिस्ट्रार कचेरीत जायचं. खरेदीखताची नक्कल काढायची, मृत्युपत्र करायचं. पुढचं घर तुझं, मागची खोली शांतीची. ह्यो कागद लॉकरात ठेव. दिवाळीला पाटावर नक्कल मांडायची.”