चपलेत हात घालून पाहिला

गुरुवार, ७ फेब्रुवारी १९९१. दुपारचे तीन. धुळ्यातलं आमचं घर, पुढची खोली. हजर – अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, वेताच्या खुर्चीत. सिंधूताई, दवाखान्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या सिस्टर, समोर पाटावर. अक्कांचा पाय त्यांच्या मांडीवर. आणि मी, स्वयंपाकघराच्या दारात. उभी.

त्या दिवसाचं आणि पुढच्या चार आठवड्यांचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मला सगळं लिहून ठेवायची सवय – वाणसामान, सिलिंडर कधी लावला, कुणाच्या लग्नात काय आहेर केला. हे मात्र कुठल्याच वहीत नाही. आज तुम्हाला सांगते. क्रमाने सांगायचं म्हणते. जमेल असं नाही.

अक्कांना मधुमेह होता, पाय बधीर झाले होते. डॉक्टर म्हणाले, पायांकडे लक्ष ठेवा, जखम झाली तरी यांना कळणार नाही. म्हणून सिंधूताई. त्या सोनगीरच्या, अक्कांचं माहेर त्याच बाजूचं. दर गुरुवारी एसटीने यायच्या. घमेल्यातलं पाणी कोपर बुडवून बघायच्या, पाय धुऊन बोटांच्या बेचक्या टिपायच्या, नखं सरळ कापायच्या, करंगळीखालचं कुरूप ब्लेडने हलकेच तासायच्या. मग टाचांना तेल. शेवटी अक्कांनी डोळे मिटायचे, सिंधूताईंनी कापसाची वात एखाद्या बोटाला लावायची, आणि अक्कांनी कोणतं बोट ते ओळखायचं. अक्का दर वेळी चुकायच्या. दर वेळी दोघी हसायच्या.

रोजच्या देखभालीची वही मी आखली होती. तीन रकाने. तळवे पाहिले. बेचक्या पाहिल्या. चपलेत हात घालून पाहिला. तिसरा रकाना सिंधूताईंनी सांगितलेला – खडा असो, खिळा असो, पायाला कळत नाही तर हाताने शोधायचं. बाकी सहा दिवस ते काम माझं. मी ते चोख करत होते. तेव्हापर्यंत.

मग काय झालं? काही झालं नाही हो. त्या दोघी अहिराणीत बोलायच्या, इतकंच. मी जळगावची, शाळेत शिक्षिका, घरात पुस्तकी मराठी. एकोणीस वर्षं त्या घरात होते. अक्कांच्या गोळ्या, पथ्य, लघवीची तपासणी, सगळं माझ्याकडे. पण माझ्याशी त्या अहिराणीत कधी बोलल्या नाहीत. मी हात लावला की पाय आखडून घ्यायच्या. आणि त्या पाटावरच्या बाईच्या मांडीत तोच पाय असा सैल पडलेला असायचा – झोपलेल्या मुलासारखा. ते बघायला मी दर गुरुवारी दारात उभी राहायचे. का बघायचे? जे बघून जीव जळतो, तेच माणूस पुन्हा पुन्हा का बघतं?

त्या गुरुवारी अक्का म्हणाल्या, "सिंधू, तुना हात लागना का पाय मना वाटस." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आमनी सून लई हुशार. तिनी वहीमा बठ्ठं शे. फक्त मी नही." माझ्या वहीत सगळं होतं, फक्त त्या नव्हत्या.

सिंधूताई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर कदाचित मी भांडले असते. त्यांनी मान खाली घालून करंगळी पुसली. त्यांना माझी कीव आली होती – आणि ते मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी पोस्टकार्ड टाकलं. अक्कांना आता गरज वाटत नाही, तरी यापुढे येऊ नये. अक्कांना सांगितलं, सिंधूताईंना दोंडाईच्याला एका व्यापाऱ्याच्या घरी रोजचं काम मिळालं. नवऱ्यालाही तेच. एक ओळ इकडे, एक ओळ तिकडे. काम झालं.

पुढच्या गुरुवारी अक्का दोन वाजल्यापासूनच खुर्चीत येऊन बसल्या. मी घमेलं आणलं, कोपर बुडवून पाणी पाहिलं, पाटावर बसले. त्यांनी पाय लुगड्यात ओढून घेतले. "राहू दे," म्हणाल्या. शुद्ध मराठीत.

मीही राहू दिलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि नंतर रोज. पण वही? वहीत कोरी चौकट मला बघवत नाही. मी बरोबरची खूण केली. तिन्ही रकान्यांत. वीस दिवस, रोज सकाळी, शाळेत निघण्यापूर्वी – पाय न बघता, चपलेला हात न लावता.

एकविसाव्या दिवशी चादरीवर डाग दिसला. करंगळीच्या खाली काळं पडलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझी वही पानं उलटून वाचली. असं टिपण कुणी ठेवत नाही, म्हणाले. मग त्यांनी हिशेब मांडला – सिस्टरनी सात तारखेला याच जागी ब्लेड चालवलं. त्यानंतर घरच्यांनी रोज पाहिलं, वरून काही दिसलं नाही. म्हणजे ब्लेड स्वच्छ नव्हतं, आतल्या आत पू धरत गेला. माझ्या खुणा खऱ्या असत्या तर तेच बरोबर होतं. अक्का खाटेवरून माझ्याकडे बघत होत्या. त्या वीस दिवसांत एकदाही मी पाय पाहिला नव्हता, हे त्या खोलीत त्यांनाच माहीत होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी वही मिटून पिशवीत ठेवली.

अक्कांचे कपडे आणायला घरी आले, तेव्हा दारामागे त्यांची चप्पल होती. उजवीत हात घातला. करंगळीच्या जागी खिळ्याचं टोक वर आलं होतं – तांदळाच्या दाण्याएवढं. हाताला लगेच लागलं. मी चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पलीकडच्या गल्लीतल्या कचराकुंडीत टाकून आले.

दोन बोटं काढावी लागली. ही बातमी सोनगीरला कशी पोचली कोण जाणे, पण सिंधूताई आल्या. हातात मऊ सुती मोज्यांचा जोड. माझ्या नवऱ्याने त्यांना वॉर्डाच्या दारातच अडवलं. आवाज चढवला नाही त्याने, पण घाणेरड्या ब्लेडचं सगळं बोलला, चार माणसांत. पोस्टकार्डाचा विषय त्यांनी काढला नाही. त्या फक्त माझ्याकडे वळल्या.

"वहिनी, तुम्ही सांगा ना. दर वेळी तुमच्यासमोर नवं ब्लेड काढायचे मी."

दर गुरुवारी त्या ब्लेडचं फाडलेलं वेष्टण मीच उचलून केरात टाकत होते.

"मी स्वयंपाकघरात असायचे," मी म्हणाले.

त्यांनी मोजे बाकावर ठेवले आणि जिना उतरून गेल्या. आत अक्कांनी विचारलं, "सिंधू उनी का?" नाही, म्हणाले. मोजे माझ्या पिशवीत होते.

आमच्या ओळखीतली तीन घरं त्यांनी धरली होती. महिन्याभरात तिन्ही सुटली. धुळ्यात त्या पुन्हा आल्याचं मी ऐकलं नाही. अक्का आणखी चार वर्षं जगल्या. पाय मीच धुवायचे. आता त्या आखडून घेत नसत. मला जे हवं होतं ते मिळालं, नाही का? पहिले काही महिने त्या गुरुवारी दुपारी दाराकडे बघत बसायच्या. मग ते थांबलं. आपण आवडेनासे झालो म्हणून सिंधू आली नाही, असं समजून त्या गेल्या. मी तसं समजू दिलं.

सिंधूताई आहेत अजून. सोनगीरलाच, भाच्याकडे. शिरपूरला माझी मुलगी दिली आहे. महिन्यातून एकदा मी त्या रस्त्याने जाते, आणि निघण्याआधी यादी करते. आजच्या यादीत पाच कामं होती. मुलीचं लोणचं. नातीचा स्वेटर. चष्म्याची काडी. बँक. चार झाली. पाचवं दर महिन्याच्या यादीतून पुढच्या यादीत जातं – सोनगीरला उतरणे, खिळ्याचं सांगणे.

येताना एसटी सोनगीरला थांबली होती. चार माणसं उतरली. मी खिडकीशी बसून होते.