शिरूरात शेकली, लातुरात चढली

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. लातूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, मशीन दाखवतं तेवढंच खरं मानतो. त्यामुळे लिहायला लाज वाटायलीय... पण सांगितल्याशिवाय राहवत पण नाही!

माझे काका शिरूर अनंतपाळला असतात. हलगी वाजवावी तर त्यांनीच. दोन वर्षांमागं लकवा मारला आणि उजवा हात गेला. यंदा त्यांच्या शीतलचं लग्न ठरलं, तर पोरीनं हट्टच धरला — वाजली तर बाबांची हलगी वाजेल, नाहीतर काहीच नको.

मला लॅपटॉपवर संगीत करायचा नाद. मी छाती ठोकून सांगितलं, काकांचे चार ठोके रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये टाकतो. मग मिडी कीबोर्डचं बटण दाबलं की त्यांचाच ठोका वाजतो. बोटं माझी, आवाज त्यांचा.

काकांनी डाव्या हातानं ठोके दिले. आधी हलगी जाळावर शेकून कातडं ताणून घेतो म्हणत होते, पण माझी बस निघायली होती. मी म्हटलं, राहू द्या, कॉम्प्युटरवर ताणून घेतो. तिथंच माती खाल्ली. खोलीवर येऊन लावलं तर नुसतं धप्प धप्प! ताणावं तर पत्र्याचा डबा. नांदेडच्या मित्राला फाईल पाठवली, त्यानंही हात टेकले.

लग्न दुसऱ्या दिवशी. सकाळी अकराला काकांना फोन करून चूक कबूल केली. शीतलला काय तोंड दाखवू, रडूच यायलं होतं. काका रागावले नाहीत.

"मग आता शेकतो की. तू बटण दाबीत राहा."

आवाज इकडं लॅपटॉपात, तिकडं शेकून काय उपयोग, असं मी दोनदा सांगितलं. तोवर काकूनं कडबा पेटवलाही होता. त्यांचा मान ठेवायचा म्हणून दाबत बसलो. धप्प... धप्प... आणि पाचेक मिनिटांनी आवाज चढायला लागला! देवाशप्पथ, एकाही सेटिंगला हात लावला नव्हता. अंगावर सरसरून काटा आला.

"चढली काका," मी ओरडलोच.

"अजून थोडी हाय. दाब."

एका ठोक्याला ती अशी कडाडली, की घरमालकीण जिन्यात येऊन उभी राहिली. काका म्हणाले, बास, आता कातडं फुटंल. काकूनं जाळ विझवला आणि आवाज तिथंच थांबला.

लग्नात पहिला ठोका वाजला तशी शीतलनं वळून बापाकडं बघितलं. काका खुर्चीत बसून डाव्या हातानं मांडीवर ताल धरत होते. सगळ्यांदेखत मी लेकरासारखा रडलो.

मित्राकडची फाईल आजही धप्पच वाजते. रेकॉर्डिंग तेच, ठोके तेच. लई डोकं लावलं, उत्तर सापडलं नाही. काकांना विचारलं तर म्हणतात, शेकल्यावर हलगी चढतीच, त्यात अचंबा कसला?

काल आभाळ भरून आलं होतं. सहज बटण दाबलं, तर ओल्या हवेत कातडं पडावं तसा आवाज पुन्हा सैल. सेटिंग बघायच्या फंदात पडलो नाही. सरळ शिरूरला फोन लावला.