नस परत येईपर्यंत

देवळ्याला मामाकडे कांदा काढायला मी स्वतःहून गेले होते. नाशिकच्या इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली, बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करणारी भाची कितीसा वेळ टिकते, याची मळ्यातल्या बायकांना गंमत वाटत होती.

"हिला खुर्ची आना गं कोनी," एक म्हणाली. सगळ्या हसल्या.

मी उकिडवी बसले आणि विळ्याने पात कापू लागले. बायका थोड्या थोड्या वेळाने उठायच्या, पाणी प्यायच्या, पाय झटकायच्या. मला तो आळस वाटला. "ऊठ गं, पाय मोकळे कर," असं मामीने दोनदा सांगूनही मी ढिम्म. असे दोन दिवस काढले. दुसऱ्या संध्याकाळी उभी राहिले तर उजवं पाऊल वर उचललंच जाईना. चप्पल फटफट आपटत घरापर्यंत आले.

नाशिकच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबली होती, आतले काही तंतू तुटले होते. नस हळूहळू वाढत परत येईल, पण तोवर स्नायू टिकला पाहिजे, असं ते म्हणाले.

तो टिकत नव्हता. नडगीशेजारी खळगा पडत चालला होता. रोज सकाळी मी शिवणाची टेप लावून बघायची आणि कुणाला सांगायची नाही.

असं का होतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. नसेकडून निरोप येईनासा झाला की स्नायूच्या पेशीत काही जनुकं जागी होतात. त्यांच्यापासून बनलेली प्रथिनं स्नायूच्या धाग्यांवर एक खूण चिकटवतात आणि खूण लागलेला धागा पेशीतलं यंत्र चिरडून टाकतं. पेपरात या प्रश्नाला मला चांगले मार्क होते. आता राग येत होता. निरोप नाही म्हणून लगेच घर पाडायला घ्यायचं? थोडं थांबता येत नाही?

फिजिओथेरपीच्या ताई मशीनने विजेचे सौम्य झटके देऊन तो स्नायू आखडवायच्या. याने झीज नक्की थांबते का, असं मी विचारलं.

"छातीठोक नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "बंद करू?"

"नको."

मामी बघायला आली. "दुखऱ्या पायाला आराम द्यायचा, का करंट?"

"आरामच तर खातोय त्याला."

"लय हट्टी हाय तू. मळ्यात आयकलं नाय, आता बी आयकत नाय."

मळ्याचं तिचं खरं होतं, ते मी कबूल केलं. पण मशीनला एकही दिवस खाडा केला नाही. पाऊल लोंबू नये म्हणून डॉक्टरांनी पट्टा दिला होता; रिक्षात बायका त्याच्याकडे बघायच्या, मी ओढणीने तो झाकायचं सोडून दिलं.

बऱ्याच आठवड्यांनी ताईंनी पाऊल हातात धरलं. "वर घे." मी जोर लावला. पाऊल हललं नाही, पण घोट्यासमोर कातडीखाली स्नायूची दोरी किंचित ताणली गेली. ताईंनी तिथे बोट ठेवलं. "परत." ती परत ताणली गेली.

मी मामीला फोन केला.

"आता तरी ते मशीन सोड," ती म्हणाली.

"आता तर मुळीच नाही," मी म्हणाले आणि ताईंकडून उद्याची वेळ घेतली.