लिफ्टमनचं चित्र कुणाचं

घरात मधलीला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. वर थोरला, खाली धाकटा आणि दोघांच्या मधे ती, म्हणून मधली. इस्पितळात लोकांचं रक्त तपासायला काढून घेण्याचं काम. एकोणतीस वर्षं उभ्याने ते काम करून गुडघे कामातून गेले होते. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर “राहून गेलं” म्हणायची, एखादा निरोप सांगायचा राहून जावा तसं.

तिचे वडील, अप्पा, एका सहा मजली इमारतीत लिफ्टमन होते. सहाव्या मजल्यावर एक चित्रकार भाड्याने राहायचा. रविवारी लिफ्ट बंद असे. तरी अप्पा जात, लिफ्टचं दार उघडं ठेवून आपल्या स्टुलावर बसत, आणि चित्रकार बाहेर उभा राहून त्यांना रंगवत असे. असे अकरा रविवार गेले. पुढे चित्रकाराने ती जागा सोडली तेव्हा अप्पा चित्र काखोटीला मारून घरी घेऊन आले.

आईने कपाळावर हात मारून घेतला. लिफ्टमधल्या दिव्यामुळे चेहरा हिरवट, एक खांदा पडलेला, आणि मांडीवरचे हात एवढे मोठे की ते दुसऱ्याच कुणाचे वाटावेत.

“धडधाकट माणसाची काय दशा करून ठेवलीय!” आई म्हणाली.

“दमलेला दिसतोय एवढंच,” अप्पा म्हणाले. “दमतोच की मी.”

आई गेल्यावर अप्पा थोरल्याकडे राहायला गेले आणि चित्रही गेलं. महिन्याभरात वहिनी म्हणाली, “मुलं घाबरतात हो त्याला.” मग ते धाकट्याच्या मोटार शिकवण्याच्या ऑफिसात लागलं. तिथे ते नऊ वर्षं होतं. शिकायला येणारे विचारायचे, “हे आजोबा परीक्षेत किती वेळा नापास झाले?” धाकटा सगळ्यांबरोबर हसायचा.

मग अप्पा पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्यांना कुणी ठेवून घ्यायचं यावर तिघं बसले. थोरल्याची जागा लहान, धाकट्याला वेळ नाही. मधलीला मागेपुढे कुणी नाही, तेव्हा सगळं तिच्याकडे. एका टेम्पोतून एक खाट, मधे भोक असलेली खुर्ची, दोन बॅगा आणि ते चित्र आलं. “त्यांचंच आहे, त्यांच्याजवळ बरं,” धाकटा म्हणाला. रिकामी भिंत एकच होती, स्वयंपाकघराच्या दाराशेजारची.

सात वर्षं ती सकाळी अप्पांना अंघोळ घालून इस्पितळात जायची आणि संध्याकाळी येऊन चादरी धुवायची. शेवटी शेवटी अप्पांना काही आठवेना. एकदा खाटेवरून चित्राकडे बोट करून म्हणाले, “त्याला घरी जायला सांग ना. पाळी संपली त्याची. कुणी सांगितलेलं दिसत नाही.”

“सांगते,” मधली म्हणाली, आणि दाराशी भिंतीला टेकून खालीच बसली. तिला उठवेना.

अप्पा गेले. त्यानंतर तीन वर्षांनी संग्रहालयातल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. तो चित्रकार आधी मेला आणि मग मोठा झाला होता. त्याच्या वहीत ‘लिफ्टमन’ असं नाव होतं आणि ते चित्र बाई दोन वर्षं शोधत होत्या. संग्रहालयाला ते हवं होतं, पण त्याआधी एक कागद भरायचा होता. चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं, कोणत्या साली, आणि आज मालक कोण.

इतकी वर्षं ज्याला भिंत मिळत नव्हती त्याला एका आठवड्यात दोन मालक मिळाले. थोरला म्हणाला, “वडिलांची वस्तू मोठ्या मुलाची.” धाकटा म्हणाला, “नऊ वर्षं कोणाच्या ऑफिसात होतं?” दोघं मधलीच्या घरात, मधलीच्या हातचा चहा पीत, आवाज चढवून बोलत होते. तिला काय वाटतं हे दोघांनीही विचारलं नाही. ती कप विसळायला उठून गेली.

बाईंनी चित्र उतरवून पाठ पाहिली. कॅनव्हासच्या मागे पेन्सिलने लिहिलं होतं, ‘वॉर्निश राहिलंय. परत आणणे.’

म्हणजे चित्र अप्पांना दिलेलंच नव्हतं. थोडे दिवस ठेवायला दिलं होतं.

चित्रकाराची बायको हयात होती. रजा काढून मधली बाईंबरोबर तिच्याकडे गेली. म्हातारी खिडकीशी मोजे रफू करत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, “वॉर्निश लावायला आणताय? फारच लवकर आलात!” आणि खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, “तुझे वडील भले होते गं. माझ्या पिशव्या वरपर्यंत आणून द्यायचे. भेट दिलं असं लिहून देते. कुणाचं नाव घालू, तुझं?”

मधलीने क्षणभर डोळे मिटले. आपलं नाव घातलं तर दोन्ही भाऊ तुटतील. अप्पांचं घातलं तर तिघांचं होईल, आणि तो चहा आणि तो आवाज जन्मभर चालेल.

“कुणाचंच नको,” ती म्हणाली. “तुमचं तुम्हीच द्या संग्रहालयाला. मी दमलेय हो.”

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. “बसतेस तर अगदी त्यांच्यासारखी,” ती म्हणाली आणि सहीसाठी चष्मा शोधू लागली.

चित्र गेलं. महिन्याभराने बाईंनी नोंदीची एक प्रत पाठवली. चित्रकार, मग ‘परिचितांकडे, चौतीस वर्षं’, मग पत्नीकडून भेट. मधलीने ती ओळ उभ्याउभ्या वाचली. चौतीस वर्षं तीन शब्दांत बसली होती. राग यावा असं तिला वाटलं, पण आला नाही. त्या रात्री ती साडेआठलाच झोपली.

धाकट्याने फोनवर तोंडसुख घेतलं आणि आठवड्याभरात विसरला. थोरल्याने मात्र सहा महिने अबोला धरला. मग एका सकाळी तो उपाशीपोटी साखर तपासायला इस्पितळात आला. इतर दोन खिडक्या मोकळ्या असून तिच्याच समोर येऊन बसला. तिने दंडाला पट्टा बांधला. लहानपणापासून त्याला सुईची भीती. त्याने मान फिरवली आणि भिंतीकडे बघत विचारलं, “काचेत बसवलंय का गं ते?”

“बसवलंय. मूठ आवळ, दादा.”

“मग बरं झालं,” तो म्हणाला. “तुझ्याकडे कुकरची वाफ लागायची त्याला.”